जुन्या टीव्हीला चौफेर आवाज

चालू स्थितीतील वस्तू केवळ जुनी झाली म्हणून मोडीत काढण्याची रीत व्यापारी घराण्यांत नाही. तराजूची दांडी झिजली तर दांडी बदलतात, तिजोरीचे कुलूप बिघडले तर कुलूप बदलतात. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या टीव्हीलाही हाच न्याय लागू पडतो. पडदा स्वच्छ असतो, रंग ठीक असतात, दुरुस्तीचा खर्चही नसतो. तरीही घरातील मंडळी नव्या संचाची भाषा बोलू लागतात आणि कारण विचारले तर बहुधा एकच तक्रार पुढे येते : आवाज नीट ऐकू येत नाही.

ही तक्रार सर्वांत आधी ज्येष्ठांना जाणवते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आजी-आजोबा टीव्हीपुढे बसतात. बातम्या देणाऱ्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र निसटतात. आवाज वाढवला की शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली नात दार लावून घेते आणि दुकान वाढवून दमून आलेला मुलगा ‘जरा कमी करा ना, बाबा’ म्हणतो. असे चार-दोन वेळा घडले की ज्येष्ठ मंडळी काही न बोलता आपल्या खोलीत जाऊन पडतात. घराच्या बैठकीतून एक माणूस असा हळूहळू वजा होतो. नव्या टीव्हीच्या किमतीआधी हा तोटा मोजला पाहिजे, कारण तो भरून काढण्याचा खर्च पुष्कळदा काहीशे रुपयांतच भागतो.

दोष कोठे असतो?

जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीला पोटात जागा असे. त्याचे स्पीकर मोठे आणि प्रेक्षकाकडे तोंड केलेले असत. टीव्ही सपाट झाला तशी ही जागा संपली. स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडे बहुधा खाली किंवा मागे वळली. आवाज आधी भिंतीवर आदळतो आणि मग खोलीत येतो. त्यात वयाची भर पडते. वाढत्या वयात बारीक, उंच पट्टीचे ध्वनी ऐकण्याची शक्ती प्रथम कमी होते. स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच ध्वनींवर अवलंबून असते. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला भेद कळत नाही. नुसता आवाज वाढवल्याने हा भेद स्पष्ट होत नाही. ऐकणाऱ्याच्या समोर तोंड केलेला बरा स्पीकर मिळाला, तर कमी आवाजातही तो पुष्कळ अंशी कळू लागतो.

पाच आणि एक

‘सराउंड साउंड’ म्हणजे ऐकणाऱ्याला चहूबाजूंनी वेढणारा आवाज. ध्वनी एकाच ठिकाणाहून न येता डाव्या-उजव्या बाजूंनी यावा, या कल्पनेचे मूळ इंग्रज अभियंता ॲलन ब्लुमलाइन याच्या १९३१ मधील पेटंट-अर्जात सापडते. चित्रपटगृहांत ती कल्पना पुढे वाढत गेली आणि १९९२ मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल पद्धत पडद्यावर आली. आज घराघरांत ‘५.१’ म्हणून ओळखली जाते ती हीच मांडणी : समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, बाजूला किंवा किंचित मागे दोन, आणि खर्जासाठी एक सबवूफर. खर्जाचा मार्ग ध्वनिपट्ट्याचा फक्त खालचा लहानसा भाग वाहून नेतो, म्हणून त्याला पूर्ण एक न मोजता ‘दशांश एक’ म्हणतात.

या सहांमध्ये घरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा स्पीकर मधला. चित्रपटातील बहुतेक संवाद त्याच मार्गाने येतात. पाठीमागून येणारा पावसाचा आवाज मुलांना आवडतो, पण ज्येष्ठांना हवा असतो तो मधल्या स्पीकरमधला माणसाचा शब्द. खर्चाचा क्रम ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मागची बाजू वाचावी

बाजारात जाण्यापूर्वी टीव्ही बंद करून, विजेरी घेऊन, त्याची मागची बाजू वाचावी. तेथे पुढीलपैकी काही ना काही सापडते.

पहिली, लाल आणि पांढरी गोल भोके. लाल उजव्या बाजूचे, पांढरे डाव्या बाजूचे. शेजारचे पिवळे चित्राचे. अमेरिकेतील रेडिओ कॉर्पोरेशन या कंपनीच्या आद्याक्षरांवरून या जोडणीला ‘आर.सी.ए.’ म्हणतात. येथे चूक होण्याचा संभव मोठा असतो. टीव्हीत आवाज आत घेणारी आणि बाहेर देणारी भोके दिसायला सारखीच असतात. ‘ऑडिओ आउट’ असे लिहिलेले असेल तरच ती उपयोगाची. ‘इन’ लिहिलेल्या भोकांतून काहीही बाहेर येत नाही.

दुसरे, हेडफोनचे ३.५ मिलिमीटरचे भोक. येथूनही आवाज घेता येतो. यात एक सोय अशी की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. हेडफोनची पिन घालताच बहुतेक टीव्हींचे आतले स्पीकर बंद पडतात. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

तिसरे, लहान चौकोनी झाकणाचे ऑप्टिकल भोक. टीव्ही चालू असताना त्यात तांबडा प्रकाश दिसतो. जपानच्या तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या या जोडणीतून वीज जात नाही, प्रकाश जातो. तिच्यातून दोन बाजूंचा साधा डिजिटल आवाज किंवा दाबून लहान केलेला ५.१ आवाज जाऊ शकतो.

चौथे, एचडीएमआयचे भोक. त्याशेजारी ‘एआरसी’ ही अक्षरे असतील, तर त्याच वायरने टीव्हीचा आवाज उलट दिशेने ॲम्प्लिफायरकडे येतो. ही सोय २००९ मधील एचडीएमआय १.४ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या टीव्हीत ती शोधण्यात वेळ घालवू नये.

यांपैकी एकही वाट नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. महानगरांत २०१२ पासून केबलचे डिजिटलीकरण सुरू झाले आणि पुढे घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. आवाज आता त्या पेटीतून टीव्हीत जातो. बहुतेक पेट्यांना आवाज बाहेर देणारी स्वतंत्र लाल-पांढरी भोके किंवा ३.५ मिलिमीटरचे भोक असते. तेथून थेट स्पीकरकडे वायर न्यावी, टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवावा आणि पेटीच्या रिमोटने आवाज सांभाळावा. टीव्ही कितीही जुना असला तरी त्याने काही अडत नाही.

स्पीकर दोन जातींचे

स्पीकर घेताना किंवा माळ्यावरचा जुना संच उतरवताना त्याची जात ओळखावी. ज्याला स्वतःची विजेची वायर असते आणि ज्याच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो, तो टीव्हीला सरळ जोडता येतो. संगणकासोबत मिळणारे ५.१ संच, साउंडबार, मल्टिमीडिया स्पीकर हे सारे या जातीचे. ज्याच्या मागे केवळ तांबड्या-काळ्या दोन चिमट्या असतात, त्याला मधे वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. असा स्पीकर टीव्हीच्या ऑडिओ आउटला लावला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, कारण त्या भोकातून नुसता इशारा येतो, स्पीकर हलवण्याइतकी ताकद येत नाही.

पुष्कळ घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला डीव्हीडीचा होम थिएटर संच माळ्यावर पडून असतो. डीव्हीडी मागे पडल्या, तबकडीचा खण अडकला, म्हणून तो बाजूला ठेवलेला असतो. परंतु त्यातील ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बहुधा शाबूत असतात. मागे ‘ऑक्स इन’ लिहिलेली लाल-पांढरी भोके असली की तो संच पुन्हा कामाला येतो. घरातच पडून असलेले हे भांडवल आधी तपासावे आणि मगच बाजाराची वाट धरावी.

खर्चाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी केवळ वायरीची. टीव्हीला किंवा सेट टॉप बॉक्सला ऑडिओ आउट आहे आणि घरात स्पीकर-संच आहे, तर दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर पुरते. हेडफोनच्या भोकातून आवाज घ्यायचा असेल, तर एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आर.सी.ए. पिना असलेली वायर मागावी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याचे इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान, ही वायर सर्वत्र थोडक्या पैशांत मिळते.

दुसरी पायरी लहानशा डबीची. टीव्हीला फक्त ऑप्टिकल वाट आहे आणि स्पीकर-संच लाल-पांढऱ्या भोकांचा आहे, तर मधे प्रकाशाचे पुन्हा साध्या आवाजात रूपांतर करणारी डबी लागते. तिला बाजारात ‘डॅक’ किंवा ‘ऑप्टिकल टू आर.सी.ए. कन्व्हर्टर’ म्हणतात. तिचा खर्च सामान्यतः शेकड्यांतच राहतो. डबी लावल्यावर आवाज न आला किंवा नुसती खरखर ऐकू आली, तर डबी परत करण्याची घाई करू नये. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवावे. साध्या डबीला दाबलेला आवाज उलगडता येत नाही, आणि पुष्कळशा चांगल्या डब्या केवळ या एका कारणाने दुकानात परत जातात.

तिसरी पायरी खऱ्या ५.१ आवाजाची. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. लाल-पांढऱ्या जोडीतून दोनच बाजूंचा आवाज जातो. त्यावर सहा स्पीकर लावले तरी स्वस्त संच तोच आवाज मागेही वाजवतो. काही संच गणित करून मागचा भाग अंदाजाने वेगळा काढतात. सहाही मार्ग खरोखर वेगळे हवे असतील, तर ऑप्टिकल किंवा एचडीएमआयची वाट आणि डॉल्बी डिजिटल उलगडणारा रिसीव्हर किंवा डिकोडर डबी लागते. अशा डबीच्या मागे सहा भोके असतात आणि ती सहा भोकांच्या जुन्या ५.१ संचाला जोडता येते. हा खर्च हजारांत जातो.

या पायरीवर फसगत होण्याची आणखी एक जागा आहे. अनेक जुने टीव्ही एचडीएमआयने आत आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलमधून बाहेर देताना त्याचा दोन बाजूंचा करून टाकतात. म्हणून सेट टॉप बॉक्सला किंवा डीव्हीडी प्लेअरला स्वतःचे ऑप्टिकल भोक असेल, तर तेथूनच थेट जोडणी करावी. ते नसेल तर ‘एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर’ ही डबी पेटी आणि टीव्ही यांच्या मधे बसते; चित्र टीव्हीकडे जाऊ देते आणि आवाज बाजूला काढून देते. तिच्यावर असणारी लहान कळ ५.१ वर ठेवावी. मुळात वाहिनीवरील कार्यक्रमच दोन बाजूंच्या आवाजाचा असेल, तर कोणतीही डबी त्यातून सहा मार्ग निर्माण करू शकत नाही. घरात मुख्यतः बातम्या, मालिका आणि प्रवचने पाहिली जात असतील, तर तिसऱ्या पायरीचा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

वॅटचा हिशेब

स्पीकरच्या खोक्यावर हजारो वॅटचे आकडे छापलेले असतात आणि त्यांपुढे बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलेले असते. या आकड्याला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. विचारायचा तो ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे संच सतत देऊ शकेल अशी ताकद. याची पडताळणी करण्याची एक सोपी रीत आहे. संचाच्या मागे किंवा ॲडॅप्टरवर तो किती वीज घेतो ते छापलेले असते. संच ओढतो तीस वॅट आणि देतो हजार वॅट, असे कधी होत नाही. सतत होणारी जावक आवकेपेक्षा मोठी असूच शकत नाही. मध्यम आकाराच्या दिवाणखान्याला प्रत्येक स्पीकरमागे दहा-वीस खरे वॅट पुरेसे होतात.

चिमट्यांचे स्पीकर जुन्या ॲम्प्लिफायरला जोडताना दोन्हींवरील ‘ओहम’चा आकडाही जुळवावा. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला ते चार ओहमचे भासतात आणि त्याच्यावरचा भार वाढतो. ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधी जाऊ नये.

मांडणीला पैसा लागत नाही

समोरचे दोन स्पीकर आणि बैठकीची जागा यांचा समभुज त्रिकोण साधावा. जितके अंतर दोन स्पीकरांत, तितकेच प्रत्येक स्पीकरपासून बसणाऱ्यापर्यंत. मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर ठेवावा. मागचे दोन अगदी पाठीमागे न ठेवता कानांच्या रेषेपासून किंचित मागे, दोन्ही बाजूंना ठेवावेत. आंतरराष्ट्रीय शिफारशीत त्यांचा कोन समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंश सांगितला आहे. समोरच्या स्पीकरांची तोंडे कानांच्या उंचीवर असावीत. ज्या घरी गादी-लोडावर बसण्याची पद्धत आहे, तेथे ही उंची जमिनीपासून दोन-सव्वादोन फूट एवढीच भरते. स्पीकर कपाटावर ठेवले तर शब्द डोक्यावरून जातात. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्याने खर्ज वाढतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारीही जागे होतात. तो कोपऱ्यापासून थोडा दूर ओढावा.

चिमट्यांच्या स्पीकरना वायर लावताना तांबड्याला तांबडी आणि काळ्याला काळी हा नियम पाळावा. एका स्पीकरची उलट जोडणी झाली तर दोन्ही वाजतात, पण खर्ज विरून जातो आणि बोलणाऱ्याचा आवाज मधून येण्याऐवजी पसरट, दिशाहीन वाटतो. बातम्या लावून समोर मधोमध बसावे. शब्द दोन स्पीकरांच्या बरोबर मधून येत आहेत असे वाटले तर जोडणी योग्य आहे.

घरी दोनच स्पीकर असतील, तर पेटीच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टिरिओ’वर ठेवावा. तसे केले की मधल्या मार्गाचे संवाद दोन्ही बाजूंत मिसळले जातात. सेटिंग ५.१ वर राहिली, तर काही जोडण्यांत संगीत दणाणते आणि संवाद गायब होतात. ‘चित्रपटात बोलणेच ऐकू येत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. पूर्ण ५.१ संच असेल, तर मधल्या स्पीकरचा आवाज इतरांपेक्षा थोडा वाढवावा आणि खर्ज थोडा उतरवावा. ज्येष्ठांना याचा लाभ तत्काळ जाणवतो.

गुणगुण आणि उशीर

जोडणीनंतर सतत ‘हूं’ असा घुमणारा आवाज येत असेल, तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा असतो. केबलची वायर आणि ॲम्प्लिफायर यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी जमीन मिळाली की हे घडते. केबलची वायर क्षणभर काढून पाहावी. गुणगुण थांबली तर दोष सापडला. सारी उपकरणे एकाच फळीवर जोडावीत किंवा शक्य असल्यास ऑप्टिकल वाट वापरावी, कारण प्रकाशाच्या वायरीतून ही गुणगुण येऊच शकत नाही. त्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

ब्लूटूथने वायरीचा त्रास वाचतो, परंतु आवाज काही दशांश सेकंद मागे राहू शकतो आणि ओठ व शब्द यांची फारकत होते. गाण्यांना ते चालते, बातम्यांना आणि संवादांना खटकते. शब्द ओठांवरून ओळखण्याची सवय झालेल्या ज्येष्ठांना तर वायरच बरी.

दोन गोष्टी टाळाव्यात

खोक्यासारख्या जुन्या टीव्हीत आवाज बाहेर देण्याची वाट नसेल, तर तो उघडून आतल्या स्पीकरच्या वायरींना बाहेरची वायर जोडण्याचा खटाटोप घरी करू नये. त्याच्या आत अतिशय उच्च दाबाची वीज असते आणि संच बंद केल्यावरही ती काही काळ टिकते. काही जुन्या संचांचा तर आतला सांगाडाच थेट विजेच्या दाबाखाली असतो. अशा वेळी सेट टॉप बॉक्समधून आवाज घेणे हाच सुरक्षित मार्ग. दुसरे असे की, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. तो काचेच्या जुन्या पडद्याला खेटून ठेवला तर कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडतात. स्पीकर दीड-दोन फूट दूर ठेवावेत. सपाट एलसीडी पडद्याला ही भीती नाही.

खरेदीपूर्वी

शक्य तर शेजाऱ्याकडून किंवा नातलगाकडून स्पीकर-संच एका संध्याकाळपुरता मागून आणावा आणि नेहमीच्या जागी, नेहमीचा कार्यक्रम लावून पाहावा. परीक्षक म्हणून घरातील सर्वांत ज्येष्ठ माणसाला बसवावे. आवाज आधीपेक्षा कमी ठेवून शब्द कळतात का, हे त्यांनाच विचारावे. कळत असतील तर पहिल्या पायरीवरच काम झाले. उरलेली रक्कम गल्ल्यात राहू द्यावी.

समोर तोंड केलेला चांगला स्पीकर आणि शांत खोली असूनही शब्द कळत नसतील, तर पुढचा स्पीकर घेण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांकडे जावे आणि श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी. दोष कानात असेल तर तो खोलीभर सहा स्पीकर मांडूनही भरून निघत नाही. ज्येष्ठ माणसे ही गोष्ट आपणहून क्वचितच बोलून दाखवतात. आवाजाच्या निमित्ताने ती लवकर ध्यानात आली, तर उपचार किंवा श्रवणयंत्र वेळेवर मिळू शकते.